यांचे लेखन सुरू आहे

ज्या मासिकात माझ्या कथा अधूनमधून छापून येतात, त्याच्या अभिवाचनमालेचे निमंत्रण आले तेव्हा माझ्या नावापुढे ‘कथा, ७ मिनिटे’ असे लिहिलेले होते. तेवढ्यात बसवण्यासाठी मी वाड्याच्या वाटणीवरच्या माझ्या कथेतून एक काका आणि एक अख्खा पावसाळा काढून टाकला. रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात ती छाटलेली कथा घेऊन मी बसलो, आणि निवेदिकेने जाहीर केले की वाचनापूर्वी आपण ‘आपल्या लेखक-परिवाराचे अलीकडचे यश’ जाणून घेणार आहोत.

हे यश पाऊण तास चालले. एका कवयित्रीच्या संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली होती, एका कथाकाराची कथा कन्नडमध्ये गेली होती, आणि एका कादंबरीकाराचा पुरस्कार अगदी थोडक्यात हुकला होता. हे हुकणेही यशातच धरले होते. प्रत्येकाला शाल, प्रत्येकाला गुच्छ, प्रत्येकाचे छायाचित्र. माझे नाव आले तेव्हा निवेदिकेने हातातला कागद उलटून पाहिला, मागची बाजू कोरी निघाली, आणि अतिदक्षता विभागाच्या दारात नातेवाइकांना ‘श्वास सुरू आहे’ असे सांगावे तशा सुरात ती म्हणाली, “यांचे लेखन सुरू आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या कशासाठी होत्या, हे त्यांनाही सांगता आले नसते.

माझ्या शेजारी मासिकाचे एक आजीव वर्गणीदार बसले होते. बँकेतून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांच्या मांडीवर लाल पुठ्ठ्याची लांबोडकी वही होती, आणि व्यासपीठावरून येणारे प्रत्येक यश ते तिच्यात रकाने आखून उतरवून घेत होते.

“अनुवादाचे किती मिळाले?” त्यांनी मला विचारले.

“मला कल्पना नाही.”

“म्हणजे काही नाही.” त्यांनी शून्य मांडले. “आणि या दुसऱ्या आवृत्तीचे म्हणाल, तर पहिली तीनशे प्रतींची होती आणि त्यातल्या शंभर बाईंनी स्वतःच विकत घेतल्या.”

“हे तुम्हाला कसे ठाऊक?”

“आमच्या नातीच्या लग्नात आहेर म्हणून त्यातलीच एक आली ना! साहित्य अकादमीच्या पुरस्काराचे काम कसे चोख असते. एक लाख रुपये आणि ताम्रपट. युवा पुरस्कार पन्नास हजार, वयाची अट ३५. तुमचे वय काय?”

मी सांगितले. त्यांनी माझ्या नावापुढच्या एका रकान्यावर पट्टी लावून रेघ मारली.

“बरे, ज्ञानपीठ. मराठीत आजवर चौघांना. खांडेकर १९७४, कुसुमाग्रज १९८७, विंदा २००३, नेमाडे २०१४. मधली अंतरे तेरा, सोळा, अकरा, म्हणजे सरासरी तेरा वर्षे आणि वर चार महिने. पुढचे २०२७ च्या सुमारास बसते. त्याला वयाची अट नाही. तयारीत राहा.”

मी तयारीत राहण्याचे कबूल केले, कारण मागच्या रांगेतून कोणीतरी ‘शूऽऽ’ केले होते, आणि तेही मलाच.

याच पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ स्थापन झाले आणि माधव जूलियन, यशवंत, गिरीश या मंडळींची कविता श्रोत्यांच्या कानांवर पडू लागली. पुढे विंदा, बापट आणि पाडगावकर गावोगावी काव्यवाचन करीत हिंडले. लोक तिथे कविता ऐकायला जात, असे म्हणतात. आता अभिवाचनाच्या कार्यक्रमात अभिवाचन हीच एक अडचण होऊन बसली आहे. बरे, हे यश तरी आपल्या पायांनी चालत येते का? बहुतेक ठिकाणी लेखकानेच पुस्तकाच्या तीन-चार प्रती, परिचय आणि छायाचित्र पदरखर्चाने पाठवायचे असते, काही संस्था वर प्रवेशशुल्कही मागतात, आणि निकालानंतर त्या प्रती कुठे जातात हे रद्दीवाल्याला विचारावे. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. तिचे संपादक कथेतल्या एकेका जागेसाठी लेखकाशी पत्रव्यवहार करीत. माझ्या कथेविषयी आमच्या संपादकांचा आलेला अखेरचा निरोप ‘फोटो रंगीत हवा’ एवढाच होता.

माझी पाळी आली तेव्हा शिपाई दिवे मालवण्याच्या बेताने भिंतीशी येऊन उभा होता. “दोन मिनिटांत आटपा,” असे निवेदिका कानात म्हणाली, पण ध्वनिक्षेपक चालू असल्यामुळे ते सर्वांनी ऐकले. सत्कार झालेली मंडळी शाली सांभाळत चहाकडे निघाली होती. मी सुरुवात आणि शेवट वाचला. खाली आलो तेव्हा लेखापरीक्षक वहीवर पेन आपटत होते.

“वाड्याचे हिस्से चार सांगितलेत आणि वाटेकरी तीनच भरतात. चौथा कुठे गेला?”

सबंध सभागृहात कथा ऐकलेला हा एकच माणूस निघाला, आणि तोही बेरीज चुकली म्हणून.

निघताना निवेदिकेने माझ्या हातात मानधनाचे पाकीट ठेवले. आत पावती होती: ‘मानधन आपल्या थकीत वार्षिक वर्गणीत वळते करून घेतले आहे.’ माझ्या खांद्यावरून डोकावत लेखापरीक्षक म्हणाले, “पावतीवर सही नाही. ही ग्राह्य धरता येणार नाही.” सहीसाठी मी संपादकांकडे गेलो, तर ते सत्कारमूर्तींबरोबर छायाचित्र काढून घेत होते, आणि त्यांनी मोठ्या प्रेमाने मला फोन देऊन छायाचित्र काढायला लावले. काल मासिकाच्या कार्यालयातून पत्र आले: वर्गणी अद्याप जमा न झाल्यामुळे माझा अंक बंद करण्यात येत आहे, आणि पुढील महिन्याच्या अभिवाचनासाठी मी पाच मिनिटांची कथा पाठवावी.