आंब्याचे हात आणि ३१२

आज संध्याकाळी कर्वे रोडवरच्या एका मेडिकलमध्ये उभी होते. पुढे एक आजोबा, पंच्याहत्तरीच्या पुढचे, हातात कापडी पिशवी. म्हणाले, "शुगर बघायचं मशीन द्या, जरा चांगलंसं." काउंटरवरच्या मुलाने एक खोकं पुढे सरकवलं. "हे घ्या काका, ऑफर आहे, २५ स्ट्रिप फुकट." आजोबांनी विचारलं, "वापरायचं कसं?" "आत पुस्तक आहे."

झालं. आजोबांनी नोटा मोजून दिल्या, खोकं पिशवीत ठेवलं. माझं बिल होईपर्यंत ते रिक्षात बसून गेलेसुद्धा. तेव्हापासून मला चैन नाही. त्या पुस्तकातली अक्षरं मला चष्मा लावूनही वाचता येत नाहीत, त्यांना काय येणार?

मान्य, त्या मुलाच्या समोर दहा गिऱ्हाइकं ताटकळत होती. पण "काका, आधी हात धुवा" एवढं सांगायला किती वेळ लागतो?

हात धुण्यावर मी एवढी का अडून बसलेय, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या वाढदिवसाला मीच त्यांना मशीन नेऊन दिलं. बॅटरी घातली, एकदा टोचून दाखवलं, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि चहा पिऊन कोथरूडला परत आले. सगळं मिळून वीस मिनिटं. आपण बाबांची काळजी घेतली असं मला खरंच वाटलं होतं.

मे महिन्यात पेटी आली. नातवंडं यायची होती म्हणून बाबा दुपारभर आमरसासाठी आंबे पिळत बसले. संध्याकाळी पंचाला हात पुसले आणि शुगर बघितली. ३१२! बाबांना शाळेत असल्यापासून हिशेबाचा माणूस म्हणतात. त्यांनी हिशेब केला, सकाळची ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर उतरवणारी, गोळी रात्री आणखी एक घेतली आणि जेवले नाहीत. आम्हाला कुणाला फोन केला नाही, "उगाच कशाला त्रास" म्हणून.

रात्री तीनला आईचा फोन. बाबांना दरदरून घाम फुटलाय, हात थरथरतायत, काहीतरी भलतंच बोलतायत. मी म्हटलं, "आई, मशीन लाव." ती रडायलाच लागली. मशीन कसं लावायचं हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. मी फक्त बाबांना दाखवलं होतं! बाबा शुद्धीवर होते आणि गिळू शकत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायला सांगितली आणि आम्ही निघालो. पोचल्यावर मी शुगर बघितली, तर साखरपाणी पोटात जाऊनही ५१. सत्तरच्या खाली गेली की लो समजतात. दवाखान्यात दीड दिवस ठेवून घेतलं, कारण त्या गोळीचा अंमल लांबतो, शुगर वर येऊन पुन्हा खाली जाते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, टोचण्याआधी हात धुतले होते?"

बोटावर आंब्याचा रस होता. मशीनने त्या रसाची साखर मोजली. त्यात मशीनचा काही दोष नाही, त्याला जो थेंब दिला तो त्याने मोजला.

स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं, असं समजू नका. फळाची साखर त्याने नीट निघत नाही. साबण, पाणी, आणि हात कोरडे करणं. ओल्या बोटाचा थेंब पातळ होतो, मग आकडा कमी येतो. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही, मधोमध जास्त दुखतं. थेंब येत नाही म्हणून बोट पिळत बसायचं नाही, हात थोडा वेळ खाली सोडायचा. आणि एकाची सुई दुसऱ्याला कधीही नाही. नवराबायको असलात तरी नाही. यावर मी कुणाशी वाद घालणार नाही.

आता मशीन कुठलं घ्यायचं? सगळे मला किंमत विचारतात. अहो, मशीन स्वस्तच असतं, पैसे जातात ते स्ट्रिपवर, म्हणजे दर वेळी थेंब लावायच्या नव्या पट्टीवर. तेव्हा आधी तुमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन कुठल्या स्ट्रिप बारा महिने मिळतात ते विचारा आणि त्याचंच मशीन घ्या. आकडे मोठे दिसले पाहिजेत. स्ट्रिपचा कोड मशीनशी जुळवायची भानगड नको. स्ट्रिप थरथरत्या बोटांना धरता आली पाहिजे, दुकानातच हातात देऊन बघा. आणि परदेशातल्या मुलाने प्रेमाने पाठवलेलं मशीन? राग मानू नका, पण इंग्लंड-ऑस्ट्रेलियात शुगर मोजायचं एकक वेगळं, तिथलं मशीन ७.८ दाखवतं, म्हणजे आपले १४०. आमच्या वाड्यातल्या एका काकू तो आकडा बघून "माझी शुगर संपली" म्हणून घाबरल्या होत्या. शिवाय त्याच्या स्ट्रिप इथे शोधत कोण फिरणार?

स्ट्रिपची डबी घट्ट बंद ठेवा. पुण्यातल्या जुलैची ओल डबीत शिरली की स्ट्रिप वाया. उघडल्याची तारीख डबीवर पेनाने लिहा. बाबा चार स्ट्रिप कागदाच्या पुडीत बांधून गावाला न्यायचे, तेही बंद केलं.

"लॅबमध्ये १८० आली आणि घरी २००, मशीन खोटं!" हेही रोज ऐकते. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभराच्या वरच्या रीडिंगमध्ये पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं. शिवाय जेवणानंतर बोटातल्या रक्तात शिरेपेक्षा साखर थोडी जास्तच असते. तेव्हा एका आकड्यावर उडी मारू नका. भलताच आकडा आला तर हात धुवा, दुसरं बोट टोचा, पुन्हा बघा. एवढं जरी बाबांना त्या दिवशी माहीत असतं... स्वतःच्या मनाने गोळी वाढवायची नाही, हेसुद्धा मीच सांगायला हवं होतं.

आता दंडावर चिकटवायचे सेन्सर आलेत, टोचायला लागत नाही, हेही खरं. पण दर दोन आठवड्यांनी नवा घ्यायचा, हा खर्च प्रत्येक घराला झेपत नाही. आजच्या आजोबांना तर नक्कीच नाही.

मघाशी चिडून लिहायला बसले होते. आता त्या मुलाचा फारसा राग येत नाही. त्यालाही कुणी शिकवलं नसेल. उद्या सकाळी दुकानात गर्दी नसताना जाऊन त्याला आंब्याची गोष्ट सांगणार आहे. ते आजोबा स्ट्रिप घ्यायला परत तिथेच येतील.

बाबा बरे आहेत. रोज शुगर बघतात, जुन्या डायरीत तारीख, वेळ, आकडा लिहितात. आईसुद्धा आता मशीन लावते. परवा डायरी चाळली, तर त्या रात्रीनंतरच्या प्रत्येक आकड्यापुढे बाबांनी बारीक अक्षरात लिहिलंय, "हा. धु." हात धुतले.