शिव्या देण्याआधी शब्द ऐका

‘वी बिल्ट धिस सिटी’ आता फक्त ‘सर्वांत वाईट गाणं’ म्हणूनच आठवलं जातं, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं खरं आहे आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्टारशिप या अमेरिकी रॉक बँडचं हे गाणं नोव्हेंबर १९८५ मध्ये बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. २००४ मध्ये ब्लेंडर या संगीत मासिकाने त्यावर तो शिक्का मारला आणि तो पुसलाच गेला नाही.

पण गीतकार बर्नी टॉपिनने ते लिहिलं कशावर? लॉस एंजेलिसमधले क्लब बंद पडत होते, बँडना वाजवायला जागा उरत नव्हती, त्यावर. मूळ गाणं बरंच उदास होतं म्हणे. वर चकचकीत सिंथेसायझर चढले आणि ती तक्रार कुणाला ऐकूच आली नाही. धंदेवाल्यांविरुद्धचं गाणं धंदेवाईक म्हणून बदनाम व्हावं!

ज्या बँडमधून पुढे स्टारशिप घडला, त्या जेफरसन एअरप्लेनच्या चाहत्यांचा राग मी समजू शकते. साठच्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोचा आवाज असलेली त्यांची गायिका ग्रेस स्लिक इथे मिकी थॉमसबरोबर पॉप गाते, हे त्यांना पचणं अवघडच. तरी कोरस सुरू झाला की मी आजही आवाज वाढवते.