रोग कळवणारा शेतकरी तोट्यात जाता कामा नये

जनावरांच्या साथीचा विषय निघाला की आपण लस आणि डॉक्टर यांच्यावरच बोलत बसतो. माझं मत असं, की साथ आटोक्यात राहणार की हाताबाहेर जाणार, हे त्याच्याही आधी ठरतं. पहिल्या गोठ्यातला शेतकरी रोग सांगतो की लपवतो, यावर.

त्याचा हिशेब बघा. गायीच्या अंगावर गाठी आल्याचं उघड झालं की गावात बोभाटा. हा गाठींचा रोग म्हणजे लम्पी. तो माणसाला होत नाही, तरी लोक दूध घ्यायला कचरतात. जनावरांचा बाजार बंद होतो, दावणीची धडधाकट जनावरंही विकता येत नाहीत. त्यापेक्षा गुपचूप टेम्पोत घालून दुसऱ्या तालुक्यात विकलं तर चार पैसे तरी हातात येतात. मात्र त्याच टेम्पोतून विषाणू जातो आणि पुढचं काम गोमाशा, डास, गोचीड करतात.

२०२२ च्या लम्पीच्या साथीत राज्य सरकारने दगावलेल्या दुधाळ गायीमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये दिले. शेळ्यांच्या देवीवरची लस गायीबैलांना मोफत टोचली. दोन्ही निर्णय बरोबर होते, मी तेव्हाही बाजूने बोललो आणि आजही बोलेन. पण ३० हजारात चांगली दुधाची संकरित गाय येते का, हे कोणत्याही बाजारात जाऊन विचारा. आणि ही मदत मेलेल्या जनावराची. ज्याने पहिल्याच दिवशी दवाखान्यात कळवलं, गाय वेगळी बांधली, रात्री जागून जगवली आणि मग तिचं दूधच आटलं, त्याच्या पदरात काय पडलं?

२००६ चं नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर आठवा. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो तिथे. कोंबड्या मरत होत्या आणि सुरुवातीला ती राणीखेत या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगाची मरतूक समजली गेली. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत रोग शेडमागून शेड फिरला होता. नंतर लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ मध्ये त्याच नवापुरावर पुन्हा ती पाळी आली. कळवायला लागणारा एकेक दिवस किती महाग पडतो, हे तिथल्या पोल्ट्रीवाल्यांइतकं कुणाला माहीत असणार?

याउलट बुळकांडी बघा. आपल्या आजोबांच्या पिढीने या रोगाने दावणीच्या दावणी रिकाम्या झालेल्या पाहिल्या. २०११ मध्ये जगातूनच तो संपल्याचं जाहीर झालं. लस होतीच, पण शेवटच्या टप्प्यात लस थांबवून गावोगाव फिरून रोग शोधला गेला. तुमच्या गावात अशी लक्षणं दिसली का, हे कुणीतरी पायी जाऊन विचारत होतं. आज पशुधन पर्यवेक्षकाकडे किती गावं आहेत, हे तालुक्याच्या दवाखान्यात विचारून बघा. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे, पण नोंद करणारा माणूसच गोठ्यापर्यंत पोचला नाही तर मंत्रालयात बसून निर्णय घेणाऱ्याला दिसणार काय?

कोळंबीवाल्यांबद्दल तर आपण बोलतच नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला की आठ-दहा दिवसांत तळं संपतं. अशा वेळी पाणी अडवून, निर्जंतुक करून मगच सोडायला हवं. पण डोक्यावर बियाण्याचं आणि खाद्याचं कर्ज असलेला माणूस घाईने मिळेल तेवढा माल काढतो आणि पाणी खाडीत सोडून देतो. तेच पाणी भरतीला शेजाऱ्याच्या तळ्यात येतं. त्याला नुसती नोटीस पाठवून काय होणार?

म्हणून माझी मागणी सरळ आहे. भरपाईचा दर बाजारभावाला बांधा आणि दरवर्षी तपासा. पंचनाम्यानंतर पैसे महिन्याच्या आत खात्यावर यावेत. वेळेत कळवून जनावर वाचवणाऱ्याला बुडालेल्या दुधाचा काही वाटा द्या, आणि तळ्याचं पाणी अडवून ठेवणाऱ्या कोळंबीवाल्याला निर्जंतुकीकरणाचा खर्च द्या. रिक्त पदं भरा. पुढच्या अधिवेशनात आपल्या आमदाराने यावर प्रश्न विचारावा, म्हणून मी पत्र लिहितोय. सही करायची असेल त्यांनी खाली तालुक्याचं नाव लिहा.