काटा खरे बोलत होता

इंजिनाचे काम करून आणलेली मोटारसायकल सुरू होत नाही, तेव्हा सर्वांत जास्त चीड येते ती कामाला जाण्यापूर्वी ती सुरू होत होती या गोष्टीची. माझी जुनी, ओतीव लोखंडी इंजिनाची ३५० सीसीची बुलेट निळा धूर सोडत आणि पेट्रोलच्या बरोबरीने ऑइल पीत का होईना, रोज सकाळी निमूटपणे उठत असे. धूर बंद व्हावा म्हणून मिस्त्रींनी हाफ इंजिनचे काम सुचवले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सिलिंडरला लेथवर बोअर मारून झाले, ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा पडल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले गेले आणि मिस्त्रींनी जाता जाता पॉइंटही, म्हणजे उघडताच प्लगला ठिणगी पाडणारे संपर्काचे तुकडेही, सेट केले. धूर खरोखरच बंद झाला, कारण सुरू न होणाऱ्या गाडीला धूर सोडण्याची सोय नसते.

"नवं काम हाय साहेब, इंजिन टाइट असतंय, चार किका जादा मारा," एवढे सांगून मिस्त्री जोतिबाच्या यात्रेला निघून गेले. त्यांचा फोनही त्यांच्याबरोबर डोंगर चढला असावा, कारण तो लागेना.

पेट्रोल, दाब आणि ठिणगी या तीन गोष्टी असल्या की इंजिनाने चालू व्हावे, असे शास्त्र आहे. प्लग काढला तर तो पेट्रोलने ओला होता. तोच टोपीत घालून सिलिंडरच्या पात्यांना टेकवला आणि किक मारली तर निळीशार ठिणगी पडली. आणि दाबाविषयी म्हणाल तर किकवर मी संपूर्ण वजनानिशी उभा राहिलो तरी ती मला काही क्षण वरच्या वर झेलून धरत होती. तिन्ही साक्षीदार हजर असूनही गाडी मात्र कार्बोरेटरातून फटकन शिंकत होती आणि मधूनच सायलेन्सरमधून असा बार काढत होती, की समोरच्या वाड्यातील कबुतरे एकदम उडत.

त्या बाराने गल्ली जमा झाली. बंद पडलेल्या बुलेटवर मत नसलेला पुरुष कोल्हापुरात शोधून सापडणार नाही आणि प्रत्येकाचे निदान त्याच्या स्वतःच्या जुन्या दुखण्यावरून ठरलेले असते. ज्याची बॅटरी नुकतीच गेली होती त्याने बॅटरीवर संशय घेतला, ज्याने पंपावर भांडण केले होते त्याने पेट्रोलमध्ये पाणी पाहिले आणि कोपऱ्यावरच्या काकांनी "प्लग बदला" हा एकच मंत्र अखंड चालू ठेवला. ठिणगी पडते हे दाखवले, तर "बाहेर पडते हो, आत पडत नसणार," असे त्यांनी सुनावले; या युक्तिवादाला उत्तर द्यायचे तर सिलिंडरच्या आत जाऊन बसावे लागले असते. मग तरुण मंडळींनी उत्साहाने धक्का दिला, पण उतार संपला, रस्ता संपला, मंडळींचा उत्साहही संपला, आणि चढावरून गाडी परत आणताना मात्र प्रत्येकाला काहीतरी काम आठवले.

शेवटी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले शेजारचे आप्पा चहा संपवून आले. त्यांनी किकला पाय न लावता हेडलाइटच्या डोक्यावरील अँपिअरच्या काट्याकडे बोट केले आणि मला हळूहळू किक दाबायला लावली. चावी चालू असताना पॉइंट मिटलेले असले की हा काटा वजाकडे झुकतो आणि पॉइंट उघडले की मध्यावर येतो. ठिणगी पडण्याची वेळ तीच. किक दगडासारखी घट्ट लागली, म्हणजे दाब भरला, तेव्हा काटा वजाकडे खुशाल लोळत पडला होता, आणि पुढच्या फेऱ्यात, जिथे पायाला काहीच विरोध नव्हता, तिथे तो टुणकन मध्यावर आला.

"गाडी बरोबर हाय, पंचांग चुकलंय," आप्पा म्हणाले.

फोर स्ट्रोक इंजिनात पिस्टन माथ्यावर दोनदा येतो: एकदा पेट्रोल-हवा दाबून आणि एकदा जळका धूर बाहेर लोटून. मिस्त्रींनी पिस्टन माथ्यावर आणून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, अगदी काटेकोरपणे लावले होते, फक्त दुसऱ्या भेटीच्या मुहूर्तावर. त्यामुळे ठिणगी इमानाने पडत होती, पण मालाचा दाब सुटून तो सायलेन्सरच्या वाटेला लागल्यानंतर. तेथून ते बार, आणि त्याच सुमारास इनलेटचा व्हॉल्व्ह उघडू लागत असल्यामुळे ती शिंक. खात्रीसाठी आप्पांनी प्लग काढून भोकावर माझा अंगठा ठेवायला लावला, दाबाने तो उडाल्यावर सायकलची तार आत सोडून पिस्टनचा माथा शोधला, पॉइंट उघडणारा फिरता उंचवटा, म्हणजे कॅम, ढिला करून अर्धा फेरा फिरवला, पॉइंट नेमके उघडण्याच्या जागी आणून पुन्हा आवळला आणि कपाळाचा घाम पुसून मला म्हणाले, "आता मार."

गाडी पहिल्याच किकला उठली आणि संथपणे ठोके देऊ लागली. यात्रेहून परतल्यावर मिस्त्रींनी तो आवाज समाधानाने ऐकला, इंजिन टाइट असल्याचे आपण आधीच सांगितले होते याची आठवण करून दिली आणि उरलेल्या बिलात टायमिंगची मजुरी वेगळी लावली. कोपऱ्यावरचे काका तर आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, की शेवटी प्लगच काढावा लागला.