ऊब आली पाहिजे!

सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. तिथे तुम्हाआम्हाला कोण बोलू देणार? भांडायची सवय मोडू नये म्हणून बेळगावकराने घरात रेकॉर्ड प्लेअर आणावा; रेकॉर्ड चांगली की डिजिटल, हा वादही मिटत नाही.

आधी एवढं पाठ करा : ‘डिजिटलमध्ये आवाजाच्या पायऱ्या पडतात, रेकॉर्डला ऊब असते.’ सीडीवर सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने असतात, त्यांतून 20,000 हर्ट्झपर्यंतची लहर पुन्हा सलग उभी राहते आणि त्यापुढचं माणसाला ऐकूच येत नाही, असं कुणी बोललाच तर त्याच्या तोंडात कुंदा घाला. हल्लीची नवी एलपी, म्हणजे प्लॅस्टिकची मोठी रेकॉर्ड, बरेचदा डिजिटल फाइलवरूनच कापतात, हे तर बायकोलासुद्धा सांगू नका.

माळ्यावर आजोबांच्या 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, जुन्या तबकड्या सापडल्या तर स्पिरिटने लख्ख पुसा. त्या लाखेच्या, लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणजे धुळीबरोबर गाणंही निघतं. एखादी वाचलीच तर एलपीच्या सुईने वाजवा. 78ची खोबण कितीतरी रुंद, त्यामुळे ही बारीक सुई तळाशी जाऊन बसते आणि तिथला साठ-सत्तर वर्षांचा कचरा खरवडून ऐकवते. हीच ती ऊब.

सुई ज्यात बसवलेली असते त्या कार्ट्रिजला बहुतेक वेळा दीड-दोन ग्रॅम भार लागतो. तुम्ही अर्ध्यावर ठेवा, रेकॉर्डची तेवढीच काळजी! हलकी सुई खोबणीत नीट न बसता भिंतींवर आपटत जाते आणि जड सुईपेक्षा लवकर वाट लावते. प्लेअरची अर्थिंगची बारीक तार अँप्लिफायरला जोडूच नका. घुर्रर्र येईल, तानपुरेवाल्याचे पैसे वाचले.

पावसाळ्यात आपल्याकडे चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात. तेव्हा रेकॉर्डी उभ्या न ठेवता भाकऱ्यांसारख्या एकावर एक रचा. कव्हरांना बुरशी आली की ऊन पडल्यावर गच्चीत पापडांशेजारी वाळत घाला. पापड कडक होतील, रेकॉर्ड मऊ पडून वाकेल. मग सुई होडीसारखी हेलकावे खाते आणि लांबलेल्या सुराला फुकटात आंदोलन मिळतं.

द्रुत बंदिशीला डोळे मिटून मान हलवा. एलपी फिरते एकाच वेगाने, मिनिटाला 33⅓ फेरे. पण आतल्या फेऱ्या लहान, तिथे तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो, आणि नेमकी द्रुत बाजूच्या शेवटी येते. तान फाटते. फाटली तरी ‘वा!’ म्हणा. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीत जन्मले, हे प्रत्येक बाजूला एकदा.

हे झेपत नसेल तर दुसऱ्या पक्षात जा. 24 बिट, 192 किलोहर्ट्झची फाइल विकत घ्या आणि दोनशे रुपयांच्या ब्लूटूथ डबीवर लावा. ब्लूटूथ ती वाटेत दाबून बारीक करतं, पण आकडे फाइलच्या नावात शाबूत राहतात. पाहुण्यांना स्क्रीन दाखवा.

आणि एखाद्याने मध्येच ‘राग कुठला हो?’ विचारलं, तर सुई उचला, ब्रश घ्या आणि रेकॉर्ड पुसायला लागा.