भाड्याची पँट

माझे गुडघे वाईट नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या शनिवारी रात्री पणजीच्या एका धक्क्यावर चाळीसेक माणसांसमोर त्यांच्यावर चर्चा झाली आणि त्यांची बाजू मांडायला कोणी नव्हतं.

दोन रात्रींसाठी गोव्याला गेलो होतो. ती गोष्ट सगळ्यांची सारखीच असते, ती सोडून देऊ. बायकोला कॅसिनोत काडीचा रस नव्हता. मिरामारच्या वाळूत पाय पसरून बसायचं, एवढाच तिचा कार्यक्रम. "जा, एकदाचा जीव शांत करून ये," म्हणाली, आणि मी निघताना मागून "फुल पँट घाल" असंही म्हणाली. लग्नाला एकवीस वर्षं झाली. तिच्या सूचना आता मला पंख्याच्या आवाजासारख्या ऐकू येतात, म्हणजे बंद पडल्या तरच लक्षात येतात. मी बर्म्युडावर गेलो.

पायलटने सोडलं. गोव्यात मोटारसायकलवरून भाड्याने सोडतो त्याला पायलट म्हणतात, आणि ते ज्या पद्धतीने चालवतात त्यावरून नाव योग्यच आहे. "कॅसिनो?" त्याने मान न वळवता विचारलं. "आमकां भितर सोडिनात. तुमी वचात." खरंच आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. कॅसिनो मांडवीतल्या जहाजांवर, म्हणजे नदी त्यांची, वास सहन करायचा त्यांनी, रात्री एकला हॉर्न ऐकायचे त्यांनी, आणि आत जायचं आम्ही. तेव्हा मला हे ऐकून जरा बरं वाटलं होतं, हेही कबूल करतो. आपल्याला कुठेतरी सोडतात, ही भावना सुखाची असते. ती पुढे बारा मिनिटं टिकली.

त्याने मला जुन्या सचिवालयाजवळ उतरवलं. तिथे अॅबे फारियाचा पुतळा आहे. हा माणूस १७५६ साली कांदोळीला जन्मला आणि पुढे पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून गाजला. पुतळ्यात तो दोन्ही हात पसरून उभा आहे आणि समोर एक बाई मागे कलंडते आहे. पुतळा १९४५ चा, म्हणजे मांडवीत कॅसिनो यायच्या कितीतरी आधीचा. पण रस्त्यापलीकडे जहाजांचे निळे-जांभळे दिवे लागले की तो नेमका कशाबद्दल सांगतोय आणि ती बाई कसला आकडा ऐकून पडतेय, असा प्रश्न पडतोच.

तिकीट अडीच हजारांचं. त्यावर ४० टक्के जीएसटी, म्हणजे आणखी हजार. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी हाच कर २८ टक्के होता. माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट महाग झाल्यावरच मला ती करावीशी वाटते. पैसे भरले, मनगटावर कागदी पट्टा बांधून घेतला आणि छोट्या बोटीच्या रांगेत उभा राहिलो. गेटवरच्या मुलाने पट्टा बघितला नाही. त्याने सरळ खाली बघितलं.

"सर, शॉर्ट्स अलाउड नहीं है."

मी म्हटलं, तिकीट घेताना कोणी बोललं नाही. तो म्हणाला, बोर्ड लावलाय. बोर्ड होता. एका मोठ्या कुंडीतल्या पामच्या मागे होता. मी म्हटलं, पैसे परत द्या. तो म्हणाला, पट्टा बांधला की परत नाही. मी म्हटलं, ही बर्म्युडा गुडघ्यापर्यंत येते. तो म्हणाला, गुडघा दिसतोय. इथे रांगेतले चाळीस जण पुढे वाकले.

माझ्या मागे साठी-पासष्टीचे एक गृहस्थ होते. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, खाली धोतर. धोतर चालता यावं म्हणून जरा वर खोचलेलं, त्यामुळे दोन्ही पोटऱ्या उघड्या. माझ्यापेक्षा फार तर दोन इंच कमी पाय दिसत होता. गेटवाल्याने त्यांना वाकून नमस्कार केला आणि आत घेतलं.

"इनका?" मी विचारलं.

"वो ट्रॅडिशनल है सर."

माझी बर्म्युडा २०१६ ची आहे, असं मला म्हणायचं होतं. तेवढ्यात ते गृहस्थ वळले आणि माझ्याकडे, अडवलेल्या गुराकडे बघावं तसं, मायेने बघत म्हणाले, "काय ओ पावणं, आडवलं व्हय?"

उपाय गेटपाशीच होता. एका खिडकीवर फुल पँट भाड्याने मिळत होत्या. भाडं ३००, अनामत ५००. म्हणजे माझ्यासारखे रोज येतात आणि बोर्ड पामच्या मागे का आहे तेही आलं. एकच माप शिल्लक होतं. शेवाळी रंग, कमरेला इलॅस्टिक, आणि त्या इलॅस्टिकने बहुधा निवृत्ती घेतलेली. मी ती बर्म्युडावरूनच चढवली. सोडली की पडायची. डाव्या हाताने कंबर धरून मी बोटीत बसलो. समोर तेच तात्या. (पुतण्या त्यांना तात्या म्हणत होता, म्हणून मीही.) कागलकडचे. उसाचं बिल आलं म्हणून पुतण्याने हौसेनं आणलेलं.

जहाजावर गेल्यावर पहिली अडचण लक्षात आली. पैसे, फोन, सगळं बर्म्युडाच्या खिशात, आणि बर्म्युडा पँटच्या आत. चिप्स (म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायची टोकनं) घ्यायच्या तर खिडकीसमोर उभं राहून पँटच्या आत कोपरापर्यंत हात घालावा लागत होता. खिडकीतल्या मुलीने पहिल्यांदा नजर फिरवली. दुसऱ्यांदा तिने शेजारणीला बोलावलं. जेवणाच्या टेबलापाशी तर आणखी वाईट. एक हात कमरेला, एका हातात ताट. वाढून घ्यायला तिसरा हात कुठून आणू? साडेतीन हजार देऊन, हवं तेवढं खा म्हणून सांगितलेल्या ठिकाणी मी पंधरा मिनिटं फक्त एक पापड घेऊन उभा होतो.

तात्यांनी ताट खाली ठेवलं. कमरेची चंची काढली. तंबाखू गेटवर काढून घेतली होती, चंची रिकामीच होती. तिची लांब दोरी त्यांनी सोडवली, माझ्या कमरेचा जादा कपडा मुठीत गोळा केला आणि बुचक्याला मारतात तशी गाठ मारली. झुंबराखाली, आजूबाजूला नाच चालू असताना. "आता पळाला तरी पडायची न्हाई," म्हणाले आणि परत जेवायला बसले. पोटावर नारळाएवढा बोंगा आला. पण हात मोकळे झाले.

मग आम्ही रुलेटच्या, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकाच्या, टेबलाशी. मला तिकिटाबरोबर 'वन टाइम प्ले' चिप्स मिळाल्या होत्या. हरलात तर गेल्या, जिंकलात तर खऱ्या मिळतात, आणि न खेळता खिडकीवर नेल्यात तर त्या प्लास्टिकच्या चकत्या असतात. मी १७ वर लावल्या. गेल्या. पुन्हा लावल्या. तात्या हात मागे बांधून चाक बघत होते.

"घरं किती वो?"

"सदतीस."

"आकडं तर छत्तीसच हाईत."

"आणि एक शून्य."

"लागला तर काय देतोय?"

"पस्तीसपट. वर आपली चिप परत."

तात्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मी तोवर आणखी पाचशे घालवले.

"म्हंजी पस्तीस नि माझा एक, छत्तीस," डोळे उघडून म्हणाले. "सदतीस घरांत सदतीस रुपयं टाकलं तर छत्तीस हातात. मग त्यो भोपळा कुणाचा?"

मी काही बोललो नाही. समोरची डीलर मुलगी बहुधा मराठी होती, कारण ती एकदम चिप्स नीट रचायला लागली.

"भोपळा मालकाचा," तात्यांनी स्वतःच सांगितलं आणि पुतण्याला हाक मारली. "हे मटक्यापरीस बरं की रं!" मग उभ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात हिशेब. मटक्यात आकडे दहा आणि एकेरी आकडा लागला की नऊपट. "बुकी धातला एक खायाचा. ह्यो सदतिसातला एक खातोय. लै सरळ माणूस."

तात्या मटका पोरवयापासून ओळखत होते. मटका मुळात न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या भावांवर चालायचा, मग मुंबईत पत्ते काढून आकडे फुटायला लागले. "आमच्या बानं कापूस कधी पेरला न्हाई, न्यूयॉर्क कधी बघितलं न्हाई, पर रोज सांजचं तितल्या भावाची काळजी," म्हणाले. मी विचारलं, तुम्ही खेळत का नाही? त्यांनी आपल्या चिप्स दाखवल्या. सगळ्या तशाच. "ह्या परत देतो. फुकटच्या हाईत न्हवं?"

नियम समजावून सांगितला. न खेळता उपयोग नाही. तात्या पहिल्यांदा रागावले. "म्हंजी मला पैसं दिल्यागत करायचं आन् मीच ते टाकायचं?" यावर मला आधी हसू आलं, मग नाही. कारण मी तेच करत होतो, फक्त माझ्यात वर खरे पैसे होते. तोवर तीन हजार गेले होते. आणि हे सगळं पाण्यावर, हेही बघा. गोव्याच्या जुगाराच्या कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतली जुगाराची यंत्रं बसवली आणि १९९६ साली जहाजांवरचे टेबलाचे खेळ. जमिनीवर पत्ते टाकले तर गुन्हा, नदीत टाकले तर महसूल. मधल्या पाच मिनिटांच्या बोटीत माझं चारित्र्य बदललं, पँट तर त्याआधीच.

निघताना तात्या एकच म्हणाले. "समदं बरं हाय. पर आमच्या बुकीनं कधी कुणाचं गुडघं बघितलं न्हाईत."

आत कुठे घड्याळ नव्हतं. फोन कुठे होता ते सांगितलंच आहे. धक्क्यावर परत आलो तेव्हा दीड वाजून गेला होता आणि पँटची खिडकी बंद. एकला बंद होते म्हणे. अनामत उद्या अकरानंतर. आमची बस सकाळी सातची. गेटवाला तोच होता. पँट तुझ्याकडे ठेव, पैसे ऑनलाइन पाठव, म्हटलं. तो म्हणाला, पँट स्वीकारायचा अधिकार त्याला नाही. गुडघे तपासायचा होता.

बायको जागी होती. तिने माझ्याकडे, शेवाळी रंगाकडे, पोटावरच्या बोंग्याकडे आणि चंचीच्या दोरीकडे बघितलं आणि चादर तोंडावर ओढून घेतली. चादर बराच वेळ हलत होती.

घरी येऊन मी ईमेल लिहिला. दोन परिच्छेद, मुद्देसूद, पामच्या कुंडीचा फोटो नव्हता याचं अजून वाईट वाटतं. काल उत्तर आलं. अनामतीबद्दल अक्षर नाही. पुढच्या भेटीत तिकिटावर दहा टक्के सवलत, आणि खाली ठळक ओळ, येताना ड्रेस कोड पाळावा. मी ते बायकोला मोठ्याने, चिडून वाचून दाखवलं. ती दोरीवरचे कपडे काढत होती.

"मग काय अडचण आहे?" म्हणाली. "आता पँट आहे की आपली."