‘न सांगता सर्व्हर बंद केला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार दिलाय आणि दोन गोष्टी लिहिल्यात. एक, एप्रिलमध्ये रात्री दीडला आम्ही न सांगता तुमच्या ऑनलाइन दुकानाचा सर्व्हर बंद केला, साइट १८ मिनिटं बंद राहिली आणि ऐन वाळवणाच्या सीझनला अमेरिकेतल्या ऑर्डरी हुकल्या. दोन, हे सगळं ‘सिक्युरिटी अपडेट’च्या नावाखाली केलं, पण आता ऑडिटवाल्याच्या स्कॅनमध्ये जीलिबसी (सर्व्हरवरच्या लिनक्सचा एक मूळ भाग) २.३५ च दिसतंय. २.३९ आलेलं असताना अपडेट नेमकं कशाचं केलं?

पहिल्या बाबतीत चूक आमचीच. मेल गेला होता, पण तुमच्या जुन्या अकाउंटंटच्या पत्त्यावर, तोही रात्री अकराला. एक फोन करायला काय जात होतं? दीड वाजता गिऱ्हाईक झोपलेलं असतं असं आम्ही धरून चाललो. तुमच्या कुरडया-सांडगे मागवणाऱ्यांकडे तेव्हा भर दुपार असते, हे चार वर्षं तुमचं काम करूनही आमच्या डोक्यात आलं नाही. शिवाय रीस्टार्टला तीन मिनिटं पुरतात. उरलेली १५ गेली ती डेटाबेस आपोआप सुरू व्हायची सेटिंग आमच्याकडून राहून गेल्यामुळे. त्या महिन्याचं बिल आम्ही रद्द केलंय.

दुसऱ्या बाबतीत मात्र माझं थोडं ऐका. जीलिबसी म्हणजे लिनक्सच्या पायातला दगड. तुमची साइट चालवणारं पीएचपी, डेटाबेस, आम्ही लॉगिन करतो ते एसएसएच, सगळं त्यावरच उभं. त्यात अक्षरांचं एका एन्कोडिंगमधून (म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीतून) दुसऱ्यात रूपांतर करणारा ‘आयकॉन्व्ह’ नावाचा भाग आहे. एका चिनी एन्कोडिंगमध्ये रूपांतर करताना तो ठरलेल्या जागेच्या बाहेर, जास्तीत जास्त चार बाइट, लिहून जायचा. ही चूक २००० सालापासून तिथं बसून होती. चार्ल्स फोल या संशोधकाला ती सापडली, एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाली आणि सुरक्षेच्या चुकांच्या जागतिक यादीत तिला सीव्हीई-२०२४-२९६१ हा नंबर मिळाला. चार बाइटनं काय होतंय, असं मलाही वाटलं असतं. पण साइटवर नुसती फाइल वाचता येण्याजोगी फट असली, तरी या चार बाइटच्या जोरावर पीएचपीमधून हवा तो कोड चालवता येतो, हे त्यानं करून दाखवलं. तुमचं दुकान पीएचपीवर आहे. म्हणून घाई केली.

आता २.३५ चं. तुमचा सर्व्हर उबुंटू २२.०४ या लिनक्सच्या आवृत्तीवर आहे. उबुंटूवाले चालू आवृत्तीत मोठा आकडा बदलत नाहीत, दुरुस्ती तेवढी मागे आणून जुन्यातच बसवतात. स्कॅनर २.३५ वाचून थांबला, त्याच्या शेपटीला ०उबुंटू३.७ आहे ते त्यानं पाहिलंच नाही. ही दुरुस्ती त्या ३.७ मध्ये आलीय. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, वर दिलेला सीव्हीई नंबर लिहिलेला आहे, त्याचा स्क्रीनशॉट तुम्हाला पाठवलाय. ऑडिटवाल्यांना तोच दाखवा.

पण तुमची शंका वावगी नाही. २०१३ च्या मे महिन्यात जीलिबसीमधली अशीच एक चूक दुरुस्त झाली होती, पण ती सुरक्षेची आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे लिनक्सच्या उबुंटूसारख्या बऱ्याच वितरणांनी ती दुरुस्ती मागे आणलीच नाही. जानेवारी २०१५ मध्ये ‘घोस्ट’ या नावानं तिचा गाजावाजा झाला तेव्हा डेबियन ७, सेंटओएस ६ आणि ७ उघडेच होते. तेव्हा ‘मागे आणली असेलच’ या भरवशावर आम्हीही राहत नाही. प्रत्येक वेळी चेंजलॉग उघडून बघतो.

रीस्टार्टशिवाय भागलं नसतं का? अपडेट टाकल्यावर डिस्कवरची फाइल बदलते, पण चालू प्रोग्राम जुनीच मेमरीत धरून बसतात. त्या रात्री अपडेटनंतर एलएसओएफ (कुठला प्रोग्राम कुठली फाइल धरून बसलाय ते दाखवणारी कमांड) लावून पाहिलं, तर तुमचे पीएचपीचे आठही वर्कर लिबसी या जीलिबसीच्या मुख्य फाइलसमोर ‘डीईएल’ दाखवत होते, म्हणजे पुसलेल्या फाइलवरच चालले होते. आकडा नवा, काम जुन्यावर. एकेक सेवा सुरू-बंद करता येते, पण एखादी राहून गेली तर कळतही नाही. मी सरळ रीबूट करतो.

स्टार बदला असं मी म्हणणार नाही. तुमच्या ऑर्डरींचा तासवार हिशोब काढला, सर्वांत शांत वेळ दुपारी अडीच ते साडेतीन दिसते. पुढचं रीस्टार्ट मंगळवारी तीनला ठेवू का, तेवढं फोनवर सांगा. मेलची वाट मी बघत नाही.